कागदाबाहेर गेलेली रेघ

सुतार फळीवर सूत मारतो, ते कधी थांबून पाहिले आहे का? कावेच्या पाण्यात बुडवलेला दोरा तो फळीच्या एका टोकाला धरतो, हाताखालचा पोऱ्या दुसऱ्या टोकाला. दोरा ताठ होतो. मग सुतार तो मधोमध चिमटीत धरून किंचित उचलतो आणि सोडून देतो. बारीकसा टणत्कार होतो आणि फळीवर तांबडी, सरळ रेघ उमटते. पट्टी नाही, पेन्सिल नाही. क्षणापूर्वी ही रेघ हवेत ताणलेला दोरा होती, मग ती आवाज झाली आणि मग लाकडावर खूण होऊन राहिली.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभरच्या कलावंतांनी रेघेचे जे काही केले, त्याचे सार मला सुताराच्या या एका क्रियेत दिसते. हल्ली चित्रांचे प्रदर्शन म्हणून जावे, तर भिंतीवर चौकट नसते. खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दोरा गेलेला असतो, छतापासून तारांचे जाळे लोंबत असते, कुठूनतरी कुजबुज ऐकू येते. बाहेरच्या पाटीवर मात्र 'रेखाटने' असे लिहिलेले. बरोबर घरची मंडळी असतील, तर कुणीतरी हळूच विचारतेच, "अहो, यात चित्र कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवण्याची काही कलासमीक्षकांची सवय मला मुळीच पसंत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे चित्रकलेशी नाते शाळेत जुळले आणि शाळेतच तुटले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन एवढ्या वाटेने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन आपली पिढी मोकळी झाली. तांब्या तांब्यासारखा दिसला की गुण मिळत, नाही दिसला की 'याला चित्रकला येत नाही' असा शिक्का बसे. तो शिक्का माणूस पुढे जन्मभर वागवतो. पन्नाशीतले कर्तेसवरते गृहस्थ 'मला साधी सरळ रेघ ओढता येत नाही' असे हसत हसत सांगतात. त्या हसण्यामागे मला नेहमी एक मिटलेले दार दिसते. म्हणूनच कागद सोडून गेलेल्या रेघेची ही हकीकत केवळ कलारसिकांची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

आधी आपली भाषा काय म्हणते ते पाहू. आपण रेघ 'ओढतो', रेघ 'मारतो', रेघ 'आखतो'. रेघ 'बनवली' असे कुणी म्हणत नाही. कारण रेघ ही मुळात वस्तू नव्हे, ती हालचालीची खूण आहे. हात जिथून जिथे गेला, त्या प्रवासाची ती मागे राहिलेली आठवण. एकदा हे ध्यानात आले, की मग कागदाची अट आपोआप सैल होते. जे जे हलते, ते ते रेघ ओढू शकते. हात ओढतो, तसे पायही ओढतात. रानातली पायवाट हे काय आहे? शेकडो पायांनी मिळून ओढलेली ती एक रेघच आहे.

आणि आपल्याकडे रेघ कागदावर कधी होती? माझ्या आजीने आयुष्यात चित्राचा कागद हातात धरला नाही. पण रोज सकाळी सडा घातलेल्या अंगणात ती ठिपक्यांची रांगोळी काढी. चिमटीतून सुटणारी पांढरी धार ठिपक्याला वळसा घालून पुढे जाई आणि आजी ओणवी, पावलापावलाने मागे सरके. दुपारपर्यंत येणाजाणाऱ्यांच्या पायांनी ती पुसली जाई. त्याची खंत ना आजीला, ना घरात कुणाला.

डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक लिहितात, तेव्हा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ सवाष्णींच्या हातून उतरते आणि शेजारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणत असते. रेघ, भिंत आणि गाणे अशी तिन्ही अंगे तिथे एकाच विधीची आहेत. १९७०च्या दशकाच्या आरंभी जिव्या सोमा मशे यांनी ही रेघ भिंतीवरून कागदावर आणली आणि ती जगभर गेली. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळी साखळी आज आपल्याला चादरींवर नि पिशव्यांवरही भेटते.

गंमत अशी, की ज्या सुमारास वारल्यांची रेघ कागदावर चढत होती, त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतल्या तरुण कलावंतांची रेघ कागदावरून खाली उतरत होती. १९६७ साली लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेतला रिचर्ड लाँग नावाचा विद्यार्थी आगगाडीने शहराबाहेर गेला. एका गवताळ कुरणात तो एकाच सरळ वाटेवरून पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालत राहिला. गवत दबले, उन्हात त्याची फिकट रेघ दिसू लागली. लाँगने तिचे छायाचित्र घेतले आणि तो परत आला. चालून ओढलेली रेघ एवढीच ती कलाकृती. आज विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या कलाकृतींत तिची गणना होते. आपल्याकडचा कुणी म्हणेल, यात काय मोठेसे? गुराखी रोज हेच करतो. खरे आहे. पण गुराखी गुरांमागे चालतो, लाँग चालला तो रेघेसाठीच. रोजच्या क्रियेकडे तिच्यासाठीच पाहणे, एवढाच कलेचा वाटा कित्येकदा असतो. पुढे २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा मशे यांचे एकत्र प्रदर्शन भरले. एक रेघ कागदावर आलेली, दुसरी कागदाबाहेर गेलेली. दोघींची गाठ पडली याचे मला जराही आश्चर्य वाटत नाही.

जमिनीवरून रेघ हवेत उठली ती लोहाराच्या हाताने. बार्सिलोनातल्या धातुकाम करणाऱ्या घराण्यातले हुलिओ गोन्झालेस १९२८च्या सुमारास पिकासोला लोखंड जोडायला मदत करू लागले. सळ्या वाकवून, सांधून केलेल्या त्या शिल्पांना वजन होते, पण पोट नव्हते. त्यांच्यातून आरपार दिसे. हवेतच रेखाटन करायचे, ही कल्पना तिथे रुजली.

तिला पूर्णत्वाला नेले ते मात्र गेगो या बाईंनी. त्यांचे मूळ नाव गेरट्रूड गोल्डश्मिट, जन्म हँबुर्गचा, १९१२चा. श्टुटगार्टला वास्तुशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकून १९३८ साली त्यांनी पदवी घेतली. पण ज्यू असल्यामुळे नाझींच्या जर्मनीत त्यांना थारा नव्हता. १९३९ साली त्या व्हेनेझुएलातल्या काराकासला पोचल्या. मुलूख अनोळखी, भाषा अनोळखी. तिथे त्यांनी संसार केला, शिकवले आणि चाळिशीनंतर कलेकडे वळल्या. १९६९ साली काराकासच्या कलासंग्रहालयातली एक अख्खी खोली त्यांनी तारेच्या जाळ्याने भरून टाकली. धातूचे बारीक तुकडे एकमेकांत कड्यांनी अडकवलेले, त्यांचे त्रिकोण, त्रिकोणांतून पुढे वाढत जाणारी वीण. पाहणाऱ्याने समोर उभे राहायचे नाही, जाळ्याच्या आत शिरायचे. एखाद्या रेखाटनाच्या पोटात शिरून हिंडावे, तसे.

पुढे त्यांनी उरल्यासुरल्या तारा, जाळीचे तुकडे, छोट्या सळ्या घेऊन लहान लहान कामे केली आणि त्यांना 'कागदाविना रेखाटने' म्हटले. भिंतीपासून बोटभर पुढे टांगलेली ही तार असे आणि मागे भिंतीवर तिची सावली. तार गेगोंनी वाकवलेली, सावली दिव्याने ओढलेली. आपल्या कामाला 'शिल्प' म्हणायला त्यांचा ठाम नकार होता. शिल्प म्हणजे भरीव, घट्ट, जागा अडवून बसणारे. देश सोडून आलेल्या या बाईंनी जागा अडवली नाही, जागेला नुसता आकार दिला. त्यांच्या जाळ्यात एक सांधा दुसऱ्याला धरून असतो, मधला खांब कुठेच नसतो. असे जाळे रचायला विस्थापिताचेच मन लागत असावे, असे मला वाटत आले आहे.

अमेरिकेतले फ्रेड सँडबॅक याहूनही काटकसरी. लहानपणी त्यांना तंतुवाद्ये बनवायचा नाद होता. मोठेपणी त्यांनी साधा रंगीत धागा घेतला आणि जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून आयताच्या कडा तेवढ्या आखल्या. आत काही नाही. पण माणसे त्या 'काही नाही'तून आरपार जायला बिचकतात, जणू काचेची तावदाने उभी आहेत.

हे मी वाचले होते, पण पटले ते मुंबईतल्या एका प्रदर्शनात. कुण्या तरुण चित्रकाराने दालनात असाच काळा दोरा तिरपा ताणला होता. एक जोडपे सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. वडील पाटी वाचत होते, आई घड्याळ पाहत होती. मुलगी दोऱ्यापाशी गेली, थांबली, वाकली आणि अंग चोरून खालून पलीकडे गेली. दोरा तिच्या डोक्याच्या चांगला वीतभर वर होता, वाकायची काही गरजच नव्हती. मग ती पलीकडून हसत म्हणाली, "बाबा, आत या ना!" त्या उघड्या दालनात 'आत' कुठून आले? दोऱ्याने आणले. उंबरठा म्हणजे तरी दुसरे काय असते? घराचे आत आणि बाहेर ठरवणारी एक रेघच ना?

आता आवाज. रेघेचा आणि आवाजाचा संबंध कुणा पाश्चात्त्याने आपल्याला समजावून सांगायची खरे तर गरज नाही. आपल्या गाण्यात मींड आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता, मधली सारी जागा चाटून जाणारा तो गळ्याचा प्रवास ऐकताना कितीतरी जणांचा हात नकळत हवेत वळण घेतो. मैफलीत गवयाचे हात पाहावेत. तो हवेत आपली तान रेखाटतच असतो.

पण हे वळण शब्दशः कागदावर आखून त्याचे संगीत करणारा माणूस म्हणजे यानिस झेनाकिस. हे ग्रीक. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अथेन्सच्या रस्त्यांवरच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा चेहरा फाटला, डावा डोळा गेला. १९४७ साली ते पळून पॅरिसला आले आणि, ज्यांनी चंदीगड आखले, त्या ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत अभियंता म्हणून लागले. दिवसा इमारतींचे आराखडे, रात्री संगीत. १९५४ साली त्यांनी 'मेटास्टासिस' ही ६१ वादकांची रचना पूर्ण केली. सारे तंतुवादक एकाच स्वरावर सुरू होतात आणि मग प्रत्येकजण आपापल्या वेगाने, आपापल्या दिशेने मींड घेत सरकू लागतो. या मींडी त्यांनी आलेखाच्या कागदावर सरळ रेघांनी आखल्या होत्या. आडवा काळ, उभा स्वर.

इथे एक आठवण करून देतो. १९७०-८०च्या सुमारास आपल्याकडे घरोघरी मखमलीच्या फळीवर खिळे ठोकून दोऱ्याची होडी किंवा मोर करायची टूम होती. दोरा प्रत्येक वेळी सरळच जाई, पण शेकडो सरळ दोरे एकमेकांना छेदत गेले की शिडाचा सुरेख बाक दिसू लागे. झेनाकिस यांच्या आलेखात हेच घडले. सरळ रेघांच्या गर्दीतून वक्र पृष्ठ उभे राहिले. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचे दालन उभारायचे ठरले, तेव्हा कॉर्ब्युझिए यांनी ते काम झेनाकिस यांच्याकडे सोपवले. त्यांनी तीच कल्पना काँक्रीटमध्ये उतरवली. ताणलेल्या तंबूसारख्या, पिळदार भिंतींची ती इमारत होती. आत शेकडो ध्वनिवर्धकांतून एडगार व्हारेझ यांचे विद्युत-संगीत भिंतींवरून धावत असे. आणि लोक आत-बाहेर करताना झेनाकिस यांची एक छोटी रचना वाजे, ती होती जळत्या कोळशाच्या तडतडीची. चित्रकार ज्या कोळशाने रेघ ओढतो, तोच कोळसा इथे ऐकू येत होता. ते दालन १९५९च्या आरंभी पाडले गेले. पण आधी रेघ, मग संगीत, मग वास्तू आणि तिच्या पोटात पुन्हा संगीत, असा हा प्रवास एकाच माणसाच्या हातून झाला.

१९७७ साली झेनाकिस यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. पॅरिसमध्ये त्यांनी एक मोठे रेखाटन-मेज तयार करवले. त्यावर विजेच्या लेखणीने रेघ ओढायची आणि संगणकाने तिचा आवाज करायचा. वर गेली की स्वर चढे, खाली आली की उतरे. ज्यांना सा-रे-ग-म लिहिता येत नव्हते, अशा मुलांनीही त्यावर रेघोट्या ओढून संगीत केले. 'येत नाही' हा शिक्का पुसणारे ते यंत्र होते. एक डोळा गमावलेल्या माणसाने ते केले, हे मला विसरता येत नाही.

एवढे सगळे सांगितल्यावर असे वाटेल, की कागदावर राहिलेली रेघ मागासलेली. तसे मुळीच नाही. याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. नसरीन मोहमदी १९३७ साली कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या. ज्या सेंट मार्टिन्समध्ये पुढे लाँग शिकले, तिथेच त्या १९५०च्या दशकात शिकल्या. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले आणि १९७२पासून बडोद्याच्या कलाशाखेत शिकवले. वास्तुविशारदाची साधने, शाई आणि पेन्सिल घेऊन त्या कागदावर केसाएवढ्या बारीक रेघा आखत. समांतर, तिरप्या, जवळ येणाऱ्या, विरत जाणाऱ्या. चित्रांना नावे नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. मागावरचे ताणलेले उभे धागे, समुद्रकाठची वाळू, रस्त्यावरचे पट्टे यांची छायाचित्रे त्या घेत, ती त्यांच्या हयातीत कधी मांडली गेली नाहीत. त्यांच्या रेखाटनांसमोर थोडा वेळ उभे राहिले, की कागद सपाट राहत नाही. रेघांमधल्या अंतरात लय ऐकू येऊ लागते, तंबोऱ्याच्या तारा आत्ताच थांबल्या असाव्यात तशी.

या रेघांमागे जे होते, ते कळले की मन गलबलते. नसरीन यांना मज्जासंस्थेचा दुर्धर आजार होता. हातापायांवरचा ताबा हळूहळू सुटत चालला होता. शरीर ऐकेना, तसतशी कागदावरची रेघ अधिकच नेमकी, अधिकच नि:शब्द होत गेली. १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या ५३ वर्षांच्या होत्या. नंतर २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी शाखा उघडली, ती त्यांच्या प्रदर्शनाने. थरथरणाऱ्या हाताने ओढलेली ती रेघ पाहिल्यावर 'मला साधी सरळ रेघ ओढता येत नाही' हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघत नाही.

रेघ नेहमी अशी निष्पाप असते असेही नाही. १९४७ साली सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाने जेमतेम पाच आठवड्यांत नकाशावर रेघ आखली आणि लक्षावधी माणसे घरादाराला मुकली. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचा जन्म त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९७६चा. जे. जे. स्कूलमध्ये त्या शिल्पकला शिकल्या. २०११-१२ साली त्यांनी हाताने गुंडाळून धाग्याचा एक गुंडा केला. अंड्याच्या आकाराचा, काचेच्या पेटीत ठेवलेला. त्याचे नाव आहे '१:१४.९'. पश्चिमेकडच्या सीमेवर डिसेंबर २००७पर्यंत जे ११८८.५ मैल कुंपण झाले होते, त्याचे आणि या धाग्याच्या लांबीचे ते प्रमाण. म्हणजे सुमारे ८० मैल धागा! दोन देशांमधली ती करकरीत रेघ इथे गुंडाळून गप्प बसलेली आहे. दोऱ्याचा गुंडा सोडवता येतो, गुंतवता येतो. काचेपलीकडचा तो गुंडा पाहताना आपापल्या मनात जे काही येईल, ते चित्रकर्तीने सांगितलेले नाही.

त्यांचीच २०१७-१८ची एक मोठी रचना कोचीला आणि २०१९ साली व्हेनिसला मांडली गेली. अंधाऱ्या दालनात शंभर उभ्या सळ्या, वाण्याच्या दुकानात बिले टोचायला असतो तशा अणकुचीदार. प्रत्येक सळीत कवितेचा एक कागद टोचलेला. कविता कुणाच्या, तर शतकानुशतके लिहिण्यापायी तुरुंगात गेलेल्या कवींच्या. वर लोंबणारे शंभर मायक्रोफोन आवाज घेत नाहीत, देतात. एक आवाज ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलून धरतात, कीर्तनातल्या टाळकऱ्यांसारखे. सळी ही रेघ, दालन हा कागद आणि कागद टोचला तरी आवाज टोचता येत नाही, हे त्यातले म्हणणे.

नव्या कलेच्या नावाखाली पोकळ कामे होत नाहीत, असा माझा दावा नाही. पुष्कळ होतात. मोठी पाटी आणि लहान जीव, असा मामला प्रदर्शनात वरचेवर भेटतो. खरे-खोटे ओळखायला मी एक साधी युक्ती वापरतो. तो दोरा, ती तार किंवा तो आवाज मनातल्या मनात काढून टाकायचा. खोली होती तशीच राहिली, तर ते काम नुसते सजावटीचे. खोलीतून काहीतरी निघून गेल्यासारखे वाटले, तर रेघ जिवंत होती. ही कसोटी लावायला कलेची पदवी लागत नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन अशा एखाद्या प्रदर्शनाला जरूर जा. 'हे काय आहे' याचे उत्तर द्यायची घाई करू नका. मुले आधी वाकतील, भोवती फिरतील, कान देतील. त्यांच्या मागोमाग आपणही फिरावे. आणि घरी भिंतीवर कुणी रेघोटी ओढलीच, तर फडके आणायच्या आधी एकदा ती कुठून निघाली आणि कुठे पोचली, एवढे बोटाने गिरवून पाहावे.